ज्यांची शोकसभा घेतली, त्यांच्या घरी

मी एका जिवंत माणसाची शोकसभा घेतली. चुकून घेतली हे खरं, पण घेतली ती अगदी मन लावून. फोटो मोठा करून आणला, त्याला चंदनाचा हार घातला, उदबत्ती लावली आणि सांगलीच्या आमच्या चित्रपट मंडळाच्या सभासदांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. बोलताना एकदा मी डोळे पुसले. तेही खरेच ओले होते.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात हे मंडळ चालवतो. महिन्यातल्या एका शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये आम्ही थिएटरात कधीच न लागणारे सिनेमे दाखवतो. समाजानं कडेला ढकललेल्या माणसांचे, कुणाची परवानगी न घेता उसन्या कॅमेऱ्यावर काढलेले, सेन्सॉरचं तोंडही न पाहिलेले. असे सिनेमे मी जवळजवळ हात जोडून पाहतो. मला त्यात हसू येत नाही. आलंच तर आवरतो आणि नंतर आलं म्हणून वाईट वाटून घेतो.

हैदराबादच्या प्रज्ञा कांबळे नावाच्या मुलीनं पाठवलेला 'डोक्यावरचं झुंबर' हा सिनेमा असाच, फोनवर काढलेला. लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन दोन्ही बाजूंनी माणसं चालतात, त्यांतल्या एका म्हाताऱ्याच्या मागे हा कॅमेरा फिरतो. कॅमेऱ्यामागून एक मुलगी प्रश्न विचारते आणि म्हातारा चालता चालता उत्तरं देतो. शेवटी वरात नवरीच्या दारात नाचत असते आणि म्हातारा जनरेटरच्या गाडीला टेकून बसलेला असतो. डोक्यावर झुंबर पेटलेलं, डोळे उघडे, नाकावर माशी. तो उठत नाही. नाच थांबत नाही. पडदा काळा होतो आणि नावं सुरू होतात.

नावं सुरू झाली की आम्ही प्रोजेक्टर बंद करतो. हॉल आठपर्यंतच मिळतो, रखवालदार किल्ल्या वाजवत दारात उभा असतो आणि आम्हाला चर्चा करायची असते. घरी एकट्यानं आधी पाहिला तेव्हाही मी तिथंच बंद केला होता, कारण मला रडू येत होतं. सिनेमा कसा पाहावा यावर गावोगाव व्याख्यानं देणाऱ्या माणसानं सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. नावांच्या शेजारी, पडद्याच्या अर्ध्या भागात, म्हातारा उठून बसतो, माशीला शिवी हासडतो आणि विचारतो, "चाय आली का नै?" हे मला फार उशिरा कळलं.

सिनेमाच्या मध्यात आमचे एक सभासद, दातांचे डॉक्टर आपटे, दोनदा मोठ्यानं हसले होते. मी मागं वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी उरलेला सिनेमा तोंडावर रुमाल धरून पाहिला.

चर्चेऐवजी त्या दिवशी शोकसभा झाली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी स्थानिक पेपरात लेख लिहिला. कॅमेऱ्यासमोरच प्राण सोडणाऱ्या त्या दिवेकऱ्याचा फोटो छापला, वर 'अभिनयाचा लवलेश नसलेलं जळजळीत वास्तव' अशी ओळ टाकली. कुणीतरी तो लेख फोनवरून पुढं ढकलला आणि या फोनवरून त्या फोनवर करत तो उदगीरला पोचला, म्हाताऱ्याच्या थोरल्या बहिणीच्या फोनवर. त्यांनी जीप केली, नातेवाईक भरले आणि उदगीर ते हैदराबाद रडत गेल्या. अंबरपेठेतल्या घरासमोर जीप थांबली तेव्हा मयत माणूस ओट्यावर बसून दाढी करत होता.

त्याच संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला.

"सर, माझ्या मामाला मारलंत तुम्ही."

तो सगळा किस्सा तिनंच सांगितला. मामा म्हणजे सिनेमातला म्हातारा, माणिकराव सोनकांबळे. बहिणीला सगळे अक्का म्हणतात. दाढीचा फेस पुसायच्या आत अक्कांनी भावाला एक थोबाडीत दिली, मग मिठी मारली, मग शपथ घ्यायला लावली की पुन्हा म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं नाही. आणि तो शपथ पाळतो की नाही हे बघायला त्या अंबरपेठेतच मुक्काम ठोकून राहिल्या.

"माझी दुसरी फिल्म अर्धी झालीय, सर. सगळीकडं मामाच आहे तिच्यात. आता त्याच्या जागी कुणाला उभं करू? तुम्ही येता का?"

मी फोनवर माफी मागायला सुरुवात केली.

"फोनवर नक्को," ती म्हणाली. "इकडं या."

निघताना बायको म्हणाली, "शाल नेऊ नका. तुम्ही लोक ऊठसूट शाल घालता." मी शाल घेतली. श्रीफळ तेवढं वगळलं, त्याऐवजी जयसिंगपूरचं भडंग घेतलं.

सोलापूरला गाडी बदलली. वाडी जंक्शनानंतर रुळांच्या कडेला फरशीच्या चळती दिसू लागल्या, तांदूरपर्यंत त्याच. समोरच्या बाकावर एक गृहस्थ सहकुटुंब बसले होते. कशासाठी चाललात, असं त्यांनी सहज विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोनं मुलांना माझ्यापासून जरा आत सरकवून घेतलं. तांदूर गेल्यावर गृहस्थ हळूच म्हणाले, "पण तुम्ही एकदा फोन करून विचारायला पाहिजे होतं." दीड महिन्यात मला सुचलेली सगळी आत्मपरीक्षणं या एका वाक्यापुढं पोकळ होती. मी त्यांना भडंग दिलं.

लिंगमपल्ली आली तसे खडक सुरू झाले. एकावर एक रचून ठेवल्यासारखे, आत्ता पडतील असे वाटणारे, आणि त्यांच्या मधल्या फटींत उंच इमारती घुसवलेल्या. नामपल्लीला उतरलो आणि मेट्रोनं कुकटपल्लीला गेलो, कारण प्रज्ञाचं ऑफिस तिकडं. ती दिवसभर कुणाच्या तरी कुकरच्या आणि मिक्सरच्या जाहिराती एडिट करते आणि उरलेल्या वेळात सिनेमे काढते. मी मनाशी तिचं चित्र रंगवलं होतं: खादीचा झोळा, डोळ्यांत आग. समोर आली ती ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात लटकवलेली, सव्वापाच फुटांची, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी.

"जयभीम!" मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असणार, कारण फुटपाथवरचे दोघंजण वळले.

"जयभीम सर. हल्लू (हळू). भूक लागली असेल ना?"

तिनं जवळच्या टिफिन सेंटरात नेलं. पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) आला, पोटात उपमा भरलेला. डोशात उपमा ही कल्पना मला पटायला वेळ लागला, पण तोवर डोसा संपला होता. मी हात धुऊन आलो आणि माफीला समाजव्यवस्थेपासून सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, "सर, एक विचारू? राग नक्को. मामा ॲक्टिंग करत असेल असं तुम्हाला एकदापण वाटलं नाही?"

"नाही."

"का?"

"ते इतकं खरं होतं..."

"बंबईचा कुणी हीरो असता, दाढी वाढवून, डोक्यावर झुंबर घेऊन. मग?"

मी विचार केला. खोटं बोलता येत नाही हे वर सांगितलंच आहे. "मग काय तयारी केलीय, असं म्हटलं असतं."

"हौ (हो). मग मामानं काय केलं होतं?"

मी दुसरा चहा मागवला. ती सांगत राहिली. माणिकमामा वीज खात्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन आहे, स्कूटर आहे, बीपीची गोळी आहे. झुंबर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा या सिनेमासाठी उचललं. खरे झुंबरवाले त्यांच्या दोन्ही बाजूंनी चालत होते आणि हा साहेब कधी तोल जाऊन नवरदेवाच्या घोड्यावर पडतो याची वाट बघत हसू दाबत होते.

"ते ओठ घट्ट मिटलेले चेहरे?" मी विचारलं.

"हौ. तेच."

लेखात मी त्या चेहऱ्यांना 'मूक आक्रोश' म्हटलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला मराठी नीट वाचता येत नाही आणि त्या क्षणी मराठी भाषेच्या भवितव्याची मला अजिबात चिंता वाटली नाही.

संध्याकाळी तिच्या स्कूटीवर मागं बसून हिमायतनगरला आलो. मांडीवर शालीची पिशवी, डोक्यावर तिच्या भावाचं हेल्मेट. वाटेत एका सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, इत्ता डरको कायकू बैठे? लाइट लेलो (मनावर घेऊ नका)." मी त्यालाही सॉरी म्हणालो. ही माझी जुनी सवय आहे. दाराला धडकलो तरी मी दाराला सॉरी म्हणतो.

हिमायतनगरमधल्या एका जुन्या अपार्टमेंटच्या सेल्लारमध्ये (तळघरातल्या पार्किंगमध्ये) त्या दिवशी सिनेमे होते. भूमिगत सिनेमा या विषयावर मी तासभर बोलू शकतो, पण जमिनीखाली बसून पाहिला तो पहिल्यांदा. दोन खांबांमध्ये पलंगपोस ताणलेला, त्याच्या कोपऱ्यात फिकट मोर. पेट्रोलचा वास, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर ज्यांचे सिनेमे होते तीच माणसं: कचरा वेचणाऱ्या बायका, तृतीयपंथी, खरे झुंबरवाले आणि त्यांची पोरंबाळं. माझ्यासारखा हळहळायला आलेला एकटा मीच.

पहिल्या सिनेमात दोन कचरा वेचणाऱ्या मुली भंगारात आलेली स्कूटी दुरुस्त करून चोरून शिकतात आणि थेट मुकादमाच्या लग्नाच्या मांडवात घुसतात. दुसऱ्यात तीन तृतीयपंथी भाड्याचं घर शोधत हिंडतात, घर मिळत नाही, पण एका नाठाळ घरमालकाचं लग्न जमवून देतात. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी पहिली दहा मिनिटं गंभीर बसलो. मग शेजारच्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "देखो तो उसकी शकल!" मी पाहिली. आणि हसलो. हसल्याबद्दल वाईट वाटून घ्यायला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात गाडी आली.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाची तरी ती गाडी, आणि तिची पार्किंगची जागा नेमकी पडद्यामागं. चारजणांनी पलंगपोस चारी टोकांनी उचलला आणि सगळ्यांनी खुर्च्या सरकवल्या. सिनेमा थांबवला नाही. काही क्षण तो गाडीच्या बॉनेटवर, मग काचेवर आणि काचेतून चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर चालू राहिला. चालवणाऱ्यानं काच खाली करून विचारलं, "टिकट है क्या?" कुणीतरी ओरडलं, "तुमको फ्री!"

मग 'डोक्यावरचं झुंबर' सुरू झाला. माझ्या शेजारची खुर्ची मोकळी होती, तिथं हेल्मेट घातलेला एक माणूस येऊन बसला. हेल्मेट काढलं नाही.

मी जिथं जिथं रडलो होतो, तिथं तिथं लोक हसत होते. मुलगी कॅमेऱ्यामागून विचारते, "मामा, झुंबर जड असतं का?" आणि म्हातारा म्हणतो, "झुंबर नाही, त्याच्याखाली नाचणारे जड असतात." याला लेखात मी वर्गसंघर्षाचं सार म्हटलं होतं. तो विनोद होता. लोक हसत होते आणि तरीही त्यांना सगळं समजत होतं, माझ्यापेक्षा जरा जास्तच.

म्हातारा जनरेटरच्या गाडीला टेकला तेव्हा मात्र सेल्लार शांत झालं. शेजारचं हेल्मेट माझ्याकडे झुकलं.

"माशी बघा, माशी," आतून आवाज आला.

मी दचकलो.

"ती पण खरीच हो. तिच्यातपण लवलेश नाही."

मी वळून पाहिलं. हेल्मेटची काच वर झाली. ज्यांच्या फोटोला मी उदबत्ती ओवाळली होती ते माणिकराव सोनकांबळे, आतल्या फोमनं गाल दाबलेले, माझ्याकडे बघत होते.

"तुम्हीच ना ते? लवलेशसाहेब?"

"मामा, मी..."

"श्शू! आता मी उठणार आहे."

पडद्यावर ते उठले, माशीला शिवी दिली, चाय मागितली. टाळ्या, शिट्ट्या. शेजारीच नावं वर सरकत होती आणि सगळ्यांत वर होतं: माणिकराव सोनकांबळे, म्हातारा दिवेकरी. आमच्या सांगलीत हे नाव कुणी वाचलंच नव्हतं.

दिवे लागले तरी त्यांनी हेल्मेट काढलं नाही. "अक्काची माणसं सगळीकडं आहेत," ते म्हणाले. "सिनेमाच्या जवळपास दिसलो तर माझी खैर नाही. मी भाजी आणायला आलोय." पिशवीत खरोखरच भेंडी होती.

"खरं सांगू साहेब? पेपर बघितला तेव्हा आधी मला आनंदच झाला. म्हटलं, इतका भारी मेलो मी? लोक उभे राहिले? मग ती ओळ वाचली. मी मराठी मिडीयमचा, तरी शब्द नवीन. लवलेश नाही म्हणजे काय, थोडीपण ॲक्टिंग नाही?"

"थोडीपण नाही."

त्यांनी भेंडीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हेल्मेटमधल्या माणसाचा पडलेला चेहरा दिसत नाही, पण मला तो कळला.

"कपाटाच्या आरशासमोर कितीतरी दिवस मेलो हो मी," ते म्हणाले. "जीभ बाहेर काढून, जीभ आत ठेवून. मान डावीकडं, मान उजवीकडं. नोकरीत सगळी हयात सह्या घेत गेली माझी. म्हटलं, हे एक काम आपल्याला येतंय."

मी शालीच्या पिशवीत हात घातला. त्यांनी पिशवीकडं पाहिलं आणि काच खाली केली. "ते उद्या घरी आणा. अक्कासमोर. माझ्याशी काय बोलता? माझा कुठं काही राग आहे? राग तिचा आहे. ती सोडेल तर मी पुढं मरीन, नाहीतर असाच जगत राहीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षानं अंबरपेठेत गेलो. गल्लीच्या तोंडाशी पीठगिरणी, तिच्या पुढं बांगड्यांचं दुकान, मग ते घर. ज्या ओट्यावर मयतानं दाढी केली होती, त्या ओट्यावर अक्का खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांढरीशुभ्र साडी, जाड भिंगाचा चष्मा, हातात माझा लेख. मामा मागं दारात, शाळेत निकालाच्या दिवशी उभं राहावं तसे. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली प्रज्ञा, हसू दाबत. सिनेमातल्या झुंबरवाल्यांचे चेहरे तसे का होते ते मला आता नीट कळलं.

"कोण म्हणायचं तुम्ही? मंडळवाले?"

"हो."

"जेवा आधी. उपाशी माणसाला बोलले तर मला बरं वाटत नाही."

ज्वारीची भाकरी, गोंगुरा (म्हणजे आपली अंबाडीच), खट्टी दाल (चिंचेची आमटी) आणि पाहुणा म्हणून बगारा (खड्या मसाल्याचा भात). अंबाडी इतकी आंबट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का म्हणाल्या, "आत्तापासून नका रडू. वेळ आहे अजून."

जेवण झाल्यावर मी उभा राहिलो. गाडीत पाठ केलेलं सगळं डोक्यात होतं. मी म्हणालो की हा प्रश्न माझ्या एकट्याच्या चुकीचा नाही, त्यामागं हजारो वर्षांची व्यवस्था आहे, माझ्यासारख्यांची नजरच मुळात घडवली गेलेली आहे, आणि त्या साऱ्या इतिहासाच्या वतीनं...

"थांबा," अक्का म्हणाल्या. "हजारो वर्षांची माफी नंतर मागा. आधी त्या शनिवारची मागा."

प्रज्ञानं तोंडावर ओढणी धरली.

"आम्ही शकुन-अपशकुन काही मानत नाही. सिनेमात मेला म्हणून काय झालं? पण मी रडले की हो! उदगीरपासून इथपर्यंत. निघताना गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. आता त्याच बायका फोन करून मला हसायल्या. लहानपणी ह्याला मी कडेवर वागवलाय. ते रडणं खरं होतं माझं. त्याला कुणी ॲक्टिंग म्हणायचं नाही."

"अक्का, मी माफी..."

"इथं मागून काय उपयोग? इथं सगळ्यांना दिसायलाय की हा जिता आहे. तुम्ही ह्याला तिकडं मारलंत, तर तिकडंच जिता करा. त्याच लोकांसमोर. मी येते, माझ्या डोळ्यांनी बघते. मग शपथेचं बघू."

मी मान डोलावली आणि, बायकोनं बजावूनही, शाल काढली.

अक्कांनी चष्म्यावरून शालीकडं पाहिलं. "ही काय ह्याच्यावर टाकायला आणली होती?"

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. शाल परत पिशवीत गेली. भडंग मात्र त्यांनी ठेवून घेतलं. निघताना अक्कांनी एक डबा हातात दिला, अंबाडीच्या लोणच्याचा. मी म्हणालो, "एवढं सगळं होऊन..." त्या म्हणाल्या, "लोणचं तुमच्या बायकोला आहे."

परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं की आयुष्यभर मी फार माफ्या मागितल्या आहेत. दारांच्या, रिक्षावाल्यांच्या, इतिहासाच्या. त्या मागायला सोप्या, कारण त्यात मी नेमकं काय केलं हे कुठंच येत नाही. मी चांगला माणूस आहे एवढंच त्यातून कळतं. आणि सांगलीला हॉलमध्ये उभं राहून नेमकं सांगायचं ठरवलं तर नेमकं हेच दिसणार होतं की मी तितकासा नाही. सोलापूर येईपर्यंत मी दोनदा ठरवलं की पेपरातल्या खुलाशावर भागवावं. तो आलाही होता, आतल्या पानावर, क्लासच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. तो अक्कांच्या चष्म्याला दिसला नसता.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी प्रज्ञा, मामा आणि अक्का सांगलीला आले. मामा सफारी सूट घालून, बिनहेल्मेटचे. ज्यांनी त्यांच्यासाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळली होती ते सभासद त्यांच्याशी हात मिळवताना जरा जास्त वेळ हात धरून ठेवत होते. डॉक्टर आपटे पहिल्या रांगेत बसले, रुमाल न आणता. अक्का भावाशेजारी. त्यांनी हा सिनेमा अजून पाहिलाच नव्हता.

हॉल हसला, आपट्यांच्या पाठोपाठ का होईना. म्हातारा गाडीला टेकला तेव्हा मी पडद्याकडं नाही, अक्कांकडं पाहत होतो. त्यांनी शेजारच्या भावाचं मनगट घट्ट धरलं होतं. पडदा काळा झाला, नावं सुरू झाली आणि रखवालदारानं दारात किल्ल्या वाजवल्या. मी त्याला हातानं थांबवलं. म्हातारा उठला, माशीला शिवी दिली, चाय मागितली. अक्कांनी मनगट सोडलं आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"प्रज्ञे," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पुढच्या वेळी ह्याला मारू नको. बाकी काय करायचं ते करून घे ह्याच्याकडून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा उभे राहून वाकून नमस्कार करू लागले, पुन्हा पुन्हा. शपथ सुटली होती, सगळे हसत होते, कुणाला काही नको होतं. मी तिथंच आभार मानून चहा सांगितला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी स्टेजवर गेलो. खिशात लिहून आणलेले कागद होते, ते तिथंच राहू दिले. टाळ्या थांबल्या. अक्का म्हणाल्या, "मोठ्यानं बोला. मागं ऐकू गेलं पाहिजे."

"याच जागी उभं राहून मी तुम्हाला सांगितलं होतं की सिनेमातला म्हातारा दिवेकरी वारला. माणिकराव सोनकांबळे वारले नव्हते. त्यांनी मरणाचा अभिनय केला होता. तो फार चांगला झाला म्हणून मी फसलो, असं म्हटलं तर तुम्ही मला माफ कराल, पण ते खरं नाही. अंगावर फाटका सदरा आणि डोक्यावर झुंबर दिसलं, आणि हा माणूस अभिनय करत असेल हे माझ्या मनातच आलं नाही. मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही, त्यांचं नाव वाचलं नाही, एक फोन केला नाही. डॉक्टर, तुम्ही बरोबर हसत होता. अक्का, तुम्ही उदगीरपासून रडत गेलात ते माझ्यामुळं. आणि मामा, अभिनयाचा लवलेश नाही, असं तुमच्याबद्दल मी लिहिलं. तो मला दिसला नाही. चुकलं माझं. मला माफ करा."